सारंगीचं पुस्तक

आमच्या घरात कुणी हळू बोललेलं मी लहानपणी ऐकलंच नाही. नवागामच्या आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे. बाजूच्या खोलीतली काकू मायला वाटीभर साखर मागायची तरी वाटावं की भांडण लागलंय. गावाकडून, म्हणजे पारोळ्याकडून, पाहुणे आले की पहिला दिवसभर ते एकमेकांची तोंडं बघत बसायचे. दुसऱ्या दिवशी तेही ओरडायला लागायचे. आमच्या गल्लीतले बहुतेक बापे लूमच्या खात्यात कामाला होते. सुरतेत कारखान्याला खाता म्हणतात. तिथे एका छपराखाली इतके माग चालतात की शेजारच्याच्या कानात तोंड घालून बोललं तरी शब्द पोचत नाही. म्हणून तिथे हातांची एक भाषा होती. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. चिमूट करून ती झटकन फाकवली की धागा तुटला. पोटावरून हात गोल फिरवला की शेठ आला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ही भाषा घरी घेऊन आले होते. जेवताना ते मला चिमूट फाकवून दाखवायचे, म्हणजे भाकरी संपली, दुसरी वाढ. मला शाळेत जायच्या आधीपासून ही भाषा येत होती आणि ती सगळ्या जगाला येते असा माझा समज होता.

बाकीच्या भाषा नंतर आल्या. घरात अहिराणी, महानगरपालिकेच्या शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती. त्यांतली मराठी मला सगळ्यांत जवळची, आणि तीच सुरतेत सगळ्यांत कमी मिळायची. शाळा संपली, मी गुजराती कॉलेजात कॉमर्सच्या सकाळच्या वर्गांना जाऊ लागले, आणि मराठी पुस्तक हातात येणंच बंद झालं. तेव्हा वर्गातल्या एका मैत्रिणीने मला मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय दाखवली. ती माझ्या फार उपयोगाची निघाली, कारण दुपारी माझे दोन्ही हात अडकलेले असायचे. पर्वत पाटियाकडून टेम्पोतून साड्यांचे गठ्ठे आमच्या गल्लीत यायचे. त्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचं काम बायका घरी बसून करत. माय आणि मी भिंतीला पाठ लावून, मांडीवर साडी पसरून, बोटाएवढ्या कैचीने धागे कापत बसायचो. चुलाणावर दुपारसाठी भाजलेल्या वांग्यांचा वास खोलीत कोंडलेला असायचा. भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. इतक्या वर्षांत मी कुठे कुठे जेवले, पण वांगं भाजल्याचा वास आला की अजून माझी बोटं कैचीसारखी हलतात.

मोबाइलचा आवाज बारीक होता. म्हणून मी तो रिकाम्या पातेल्यात उभा करून ठेवायचे. पातेल्यातून आवाज घुमून यायचा, आणि नेमकं जे पुस्तक त्या हिवाळ्यात आम्ही ऐकायला घेतलं त्याला तो घुमणारा आवाज फारच शोभला. ती भयकादंबरी होती. नाव मी विसरले. घरात आम्ही तिला सारंगीचं पुस्तक म्हणायचो. एक गवयी असतो. कुठल्याशा बंद पडलेल्या हवेलीतल्या सामानातून तो एक जुनी सारंगी विकत आणतो. ती वाजवली की तिचा एक सूर त्याच्या कानात राहून जातो. सारंगी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं, तरी सूर चालूच. बायकोला विचारतो, तिला काही ऐकू येत नाही. शिष्यांना विचारतो, त्यांनाही नाही. वाचणारा माणूस खोल, भरदार आवाजाचा होता. शब्द एकेक करून, सावकाश ठेवायचा.

माय म्हणायची, "भूतना गोष्टी दुपारना पारमा कोनी ऐकतंस का?" आणि मी बंद करायला हात पुढे केला की म्हणायची, "ऱ्हाऊ दे. अर्धा धागा कापीसन सोडतंस का?"

आबांची तेव्हा रातपाळी होती. ते सकाळी येऊन झोपायचे आणि दुपारी उठायचे. एका दुपारी ते उठले, तोंडावर पाणी मारून आले आणि दारातच थांबले. पातेल्याकडे बघत म्हणाले, "कोण बोलस हाऊ?" मी सांगितलं, पुस्तक आहे. ते पातेल्याजवळ मांडी घालून बसले ते प्रकरण संपेपर्यंत उठले नाहीत. चहा गार झाला. मग माझ्याकडे आणि मायकडे बघून एकदम खुशीत म्हणाले, "हाऊ माणूस नीट बोलस. तुम्ही सम्दा तोंडमा पुटपुटतस."

आम्ही दोघी हसलो. पुटपुटणं आणि आम्ही! पण आबा चेष्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी इअरफोन मागितले. आवाज त्यांनी पूर्ण चढवला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून मला वाक्य न् वाक्य ऐकू यायचं. आज माझ्यासमोर एखादा मुलगा असा आवाज चढवून बसला, तर मी त्याच्या कानातून ते काढून घ्यायला कमी करणार नाही. तेव्हा मला फक्त बरं वाटलं होतं. आबा शाळेत फार गेले नव्हते, वाचायचा त्यांना कंटाळा होता, आणि आता आमच्या दोघांत बोलायला एक गोष्ट झाली होती. ते खात्यावरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, तो गवयी पुढे काय करेल. मी म्हणायचे, सारंगी जाळेल. ते म्हणायचे, कलाकार माणूस आहे, जाळणार नाही. आबांना कधी इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

मग ते प्रकरण आलं. पहाट झालीय. गवयी गच्चीवर बसलाय. समोरच्या झाडावर पाखरं आली आहेत. त्यांच्या चोची उघडतात, मिटतात, आणि आवाज येत नाही. त्याला ऐकू येतो तो फक्त सारंगीचा सूर. त्या सुराने पाखरं गिळली, असं वाचणारा म्हणाला. आबांनी कानातले इअरफोन काढले. ते नीट गुंडाळले, मोबाइलवर ठेवले आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "बस व्हयनं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, कंटाळले. पण ताटात वाढलेलं भरीत तसंच राहिलं, आणि ते पाळीची वेळ व्हायच्या खूप आधीच डबा घेऊन निघून गेले.

त्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा शांतता आली. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बोलावलं तर ओ द्यायचे नाहीत. माय आधी माझ्यावर चिडली. "तुना त्या भूतनी मना धनीनं डोकं धरं," म्हणाली. मग घाबरली. डिंडोलीला तिच्या माहेरकडचा एक भगत राहायचा. त्याला बोलवायचं, नारळ-लिंबू काय लागेल ते आणायचं, असं ती काकूशी ठरवत होती. तेही अर्थात ओरडूनच ठरवत होती. आबा तिथेच, तिच्या पाठीमागे बसले होते. त्यांच्याचबद्दल हे सगळं चाललं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी ते पाहिलं, आणि माझ्या मनात काहीतरी अडकलं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक पुढे ऐकायला घेतलं. धागे कापता कापता एकटीच ऐकत गेले. पाखरांनंतर त्या गवयाला लहान मुलांचे आवाज ऐकू येईनासे होतात. मग बायकोचा. ती बोलते ते त्याला कळतं, पण शब्दांच्या कडा झिजलेल्या असतात. लोक म्हणतात, गवयाला गर्व झाला, हाक मारली तरी बघत नाही. तो लोकांच्या ओठांकडे बघून अंदाजाने हसायला शिकतो. मी कैची खाली ठेवली. आबाही असंच करायचे. काकूची लहान मुलगी बोबडं काही सांगायला लागली की ते तिच्या तोंडाकडे बघत नुसतं हसायचे, आणि मग मायकडे बघायचे. फोनवर मी बोलले की 'तुनी मायले दे' म्हणायचे. मला वाटायचं, बापाला लेकीशी काय बोलायचं ते सुचत नाही. गणितातली एखादी पायरी इतके दिवस चुकीची मांडलेली असावी आणि ती अचानक दिसावी, तसं मला झालं. भीती वाटली नाही. उलट उठून आत्ताच त्यांना विचारावं असं वाटलं.

विचारलं ते रजेच्या दिवशी, सकाळी. पोंकाचे दिवस होते. ज्वारीच्या हुरड्याला सुरतेत पोंक म्हणतात, आणि लिंबू-मिरीची शेव घालून खातात. गावाकडच्या हुरड्याची आठवण म्हणून आबा तो हौसेने आणायचे. त्या दिवशी मीच आणला आणि त्यांना म्हटलं, चला, उन्हात बसून खाऊ. आम्ही चाळीच्या गच्चीवर गेलो. मी थोडे दाणे कठड्यावर टाकले. जरा वेळाने साळुंक्या आल्या. साळुंक्या गप्प बसणारा पक्षी नव्हे. दाण्यांवरून त्यांची अशी कचकच सुरू झाली की खालच्या गल्लीतल्या माणसानेही वर पाहिलं. आबा त्यांच्याकडे बघत होते. हातातला पोंक तसाच होता.

मी त्यांच्या समोर जाऊन बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. "आबा, ह्या साळुंक्या ओरडी ऱ्हायन्यात ते ऐकू येस का?"

त्यांनी हातातला पोंक खाली ठेवला. मग मान हलवली. नाही.

"मग काय ऐकू येस?"

"शिट्टी," आबा म्हणाले. "मना कानमा शिट्टी वाजस. रात न दिन. खाता बंद व्हयना तरी वाजस."

"कव्हयपाईन?"

"तू पयलीमा व्हती तव्हयपाईन."

मला रडू यायला हवं होतं. पण आबांनीच विचारलं, आणि त्या विचारण्यात भीतीपेक्षा नवल जास्त होतं, "हाई लिखनारले कसं समजनं व? मी ते कोणलेच सांगं नही."

का सांगितलं नाही, हे मी विचारलं. ते म्हणाले, काय सांगणार? लोक म्हणतील वेडा झाला. मायला सांगितलं तर ती भगत आणेल. आणि खात्यात कळलं तर मास्तर, म्हणजे तिथला मुकादम, घरी बसवेल. हे शेवटचं म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. आमच्या घरात इतका हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, "खातामा कोण कोणनं ऐकस आबा? तठे ते सम्दा हातवरीच बोलतस." आधी त्यांना कळलं नाही. मी पोटावरून हात गोल फिरवून दाखवला, शेठ आला. तेव्हा ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मग त्यांनी विचारलं, पुढे त्या गवयाचं काय होतं? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "शेवटपर्यंत अजून ऐकलं नाही. आधी आपण कान दाखवून येऊ, मग दोघं मिळून ऐकू."

सरकारी दवाखान्यात आम्ही दोघंच गेलो. मायने आपला नारळ फोडलाच, पण भगताला थांबवलं. डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं आणि तपासणीच्या खोलीत पाठवलं. भिंतींना जाड कापड लावलेली, जाड दाराची ती लहानशी खोली होती. काचेपलीकडे एक गुजराती मुलगी यंत्र घेऊन बसली होती, माझ्याहून फार मोठी नसेल. तिने आबांच्या कानांवर हेडफोन बसवले, हातात बटण दिलं आणि समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश सांगितलं, "काका, अवाज संभळाय एटले बटन दबावजो." आवाज आला की बटण दाबायचं. मी तिच्या शेजारी उभी होते. ती आवाज सोडायची आणि आबांकडे बघायची. जाड आवाजाला आबा बटण दाबत होते. आवाज बारीक होत गेला तसे ते काचेतून आमच्याकडे बघायला लागले. इतका वेळ आवाज का सोडत नाही, असं विचारल्यासारखं. आवाज चालूच होता. मला तो तिच्या यंत्रावरच्या दिव्यात दिसत होता.

तिने कागदावर रेघ काढून दाखवली. सुरुवातीला बरी चाललेली रेघ पुढे सापुताऱ्याच्या घाटासारखी खाली उतरली होती. ती आबांना हिंदीत समजावू लागली. जाड आवाज अजून येतात, बारीक गेले. पाखरं, लहान मुलं, बायकांचे शब्द त्यात गेले. वर्षानुवर्षं मागांमध्ये काम केलं की असं होतं. तिच्याकडे खात्यातली माणसं आली आहेत, पण फार उशिरा येतात. आबांनी शिट्टीबद्दल विचारलं तेव्हा ती जराही दचकली नाही. "वो आवाज बाहर नहीं है काका, कान का ही है. उसका नाम है, टिनिटस."

"नाम है?" आबांनी विचारलं.

"हां. बहुत लोगों को होता है."

ती शिट्टी पूर्ण जाणार नाही, पण तिच्यासोबत राहता येतं. कानाला यंत्र लावलं की बाहेरचे आवाज वाढतील आणि शिट्टी मागे पडेल. खात्यात कानात बोळे घालायचे. आणि इअरफोन अजिबात नाही. हे सगळं ती सांगत होती आणि आबा मान हलवत होते. पण त्यांचं लक्ष त्या एका शब्दावरच होतं. परत येताना शेअर रिक्षात ते तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. टिनटस. टिनीटस. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, काय झालंय? आबा त्याला, आणि रिक्षातल्या बाकी सगळ्यांना, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कान का है. नाम है उसका."

मी मात्र दुसऱ्याच विचारात होते. निघताना मी त्या मुलीला विचारलं होतं की हे काम करायला काय शिकावं लागतं. तिने एका चिठ्ठीवर लिहून दिलं. कॉमर्स सोडून पुन्हा विज्ञानाच्या वाटेला लागणं सोपं नव्हतं, घरातल्या कुणाला ते पटलंही नाही, आणि त्या खटपटीची गोष्ट वेगळीच आहे. पण मी ज्या खुर्चीत बसून आज लोकांच्या कानांत आवाज सोडते, ती खुर्ची मी त्या दिवशी पसंत केली. त्याबद्दल माझ्या मनात कधी दुसरा विचार आला नाही.

यंत्र मिळायला जरा वेळ लागला. पहिल्यांदा ते कानाला लावून आबा घरी आले तेव्हा माय भाजीची प्लास्टिकची पिशवी सोडत होती. आबा दचकून म्हणाले, "हाई पिशवी इतली वरडस?" त्यांना सगळंच नवीन होतं. फोडणी, बांगड्या, कैचीची कचकच. माय बोलायला लागली की ते दोन्ही हात वर करून म्हणायचे, "धीरे, धीरे." मायला धीरे बोलणं जमेना. तिने आयुष्यात कधी केलंच नव्हतं. ती कुजबुजायला जायची, आणि तिचं तिलाच हसू यायचं. खात्यात आबांनी मास्तरला स्वतःच सांगून टाकलं. मास्तर घरी बसवेल याची आम्ही तयारी ठेवली होती. त्याने आबांना कापडाचे ताके तपासायच्या खोलीत घातलं, तिथे मागांचा आवाज कमी. नंतर कळलं, मास्तर स्वतः डाव्या कानाने काही ऐकत नव्हता.

मग एका दुपारी आबांनीच पातेलं काढलं. म्हणाले, लाव. आम्ही तिघं बसलो. मला शेवट ठाऊक झाला होता. मधल्या काळात मी तो ऐकून टाकला होता आणि त्यांना ऐकवावा की नाही यावर बराच विचार केला होता. पण आबा ताठ बसले होते. गवयाला स्वतःचं नावसुद्धा ऐकू येत नाही. बायको रडते, शिष्य सोडून जातात. अखेरीस तो सारंगी छातीशी धरून सुरामागे चालत नदीत उतरतो, आणि पाणी डोक्यावरून जातं तरी सूर वाजत राहतो. वाचणाऱ्याने ते फार सुंदर वाचलं. मायच्या अंगावर काटा आला. मी आबांकडे बघत होते.

आबा चिडले होते. अगदी मनापासून. "यानी बायको काय करी ऱ्हायनी व्हती?" ते म्हणाले. "इतलं मोठं पुस्तक, इतला माणसे, आणि एकले बी सुचनं नही? याले दवाखानामा का बरं लई गयात नही?"

मी म्हटलं, "आबा, भुताची गोष्ट आहे."

"कसानं भूत?" आबा म्हणाले, आणि मोबाइल उचलून माझ्या हातात देत उठले.

ते थेट समोरच्या खोलीत गेले. तिथे साहेबराव काका राहायचे, आबांसोबतच सुरतेला आलेले, त्याच खात्यात माग चालवणारे. काका खाटेवर पडून टीव्ही बघत होते आणि टीव्ही पूर्ण आवाजात ओरडत होता. आबांनी जाऊन तो बंद केला. "ऊठ," म्हणाले. "कान दखाडाले जानं शे." काका म्हणाले, माझे कान चांगले आहेत, तुझं तू बघ. आबा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी काकांच्या समोर, तोंड दिसेल असं उभं राहून विचारलं, "तुनी नात फोनवर काय बोलस, ते समजस का तुले?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग पाय खाली सोडून खाटेखाली चपला शोधू लागले.